बारा व्होल्ट वाटेत कुठे जातात?
मासेमारी नौकांवरच्या विजेच्या दुखण्यांचा आढावा

"सेल्फ मारला की जीपीएस बंद पडतो."
"वायरलेसवर आम्हाला सगळ्यांचे ऐकू येते, आमचे कुणाला जात नाही."
"मशीन चालू केले की फिशफाइंडरवर नुसता पाऊस."

मिरकरवाडा, हर्णै, वर्सोवा, सातपाटी, बंदर कुठलेही घ्या. नौकेवरच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांबद्दलच्या तक्रारी फिरून फिरून या तीन वाक्यांवर येतात. गंमत अशी की, यंत्र सोडवून दुकानात नेले तर तिथे ते झकास चालते आणि नौकेवर परत बसवले की पुन्हा तेच रडगाणे सुरू होते. दुकानदार म्हणतो यंत्र ठीक आहे. बॅटरीवाला म्हणतो बॅटरी नवी आहे. वायरमन मीटर लावून दाखवतो, "बघा नाखवा, बारा व्होल्ट येताहेत." तिघेही खरे बोलत असतात, आणि नाखव्याचे काम मात्र अडलेलेच राहते.

बॅटरीपासून यंत्रापर्यंतच्या पाच-दहा मीटरच्या वाटेत काय घडते, यावर मतमतांतरे पुष्कळ आहेत. बॅटरी एक असावी की दोन, तार कोणती वापरावी, जोड डाग देऊन करावा की दाबून, 'अर्थिंग' करावे की करू नये, लिथियमकडे वळावे की नाही, अशा प्रत्येक मुद्द्यावर जाणकारांत दोन तट आहेत. कोण काय म्हणते आणि कशाचा निकाल अजून लागायचा आहे, ते क्रमाने पाहू.

दोन दिव्यांपासून पाच पडद्यांपर्यंत

पाण्यात आवाज सोडून मासळीचा ठाव घेण्याची कल्पना जुनी आहे. नॉर्वेच्या ऑस्कर सुंड यांनी कॉड माशांच्या थव्याचे प्रतिध्वनी टिपल्याचे १९३५ मध्ये प्रसिद्ध केले. १९४८ मध्ये जपानच्या फुरुनो यांनी मच्छीमाराला विकत घेता येईल असा फिशफाइंडर बाजारात आणला. आपल्याकडे तेव्हा शिडाच्या होडीला मशीन बसवावे की नाही, याचीच चर्चा चालू होती. केरळात १९५२ च्या भारत-नॉर्वे प्रकल्पातून यांत्रिकीकरणाला चालना मिळाली आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही त्याच दशकात होड्यांवर मशीन दिसू लागली. त्या नौकेवरची वीज म्हणजे एक बॅटरी आणि दोन-चार दिवे. दिवा थोडा मिणमिणला तरी कुणाचे काही बिघडत नसे.

इलेक्ट्रॉनिक यंत्रांना मिणमिणता येत नाही. ती चालतात किंवा बंद पडतात. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. शंभर मीटरचा घोळ दहा-पंधरा मीटरवर आला आणि हा डबा तांडेलाच्या, म्हणजे नौका हाकणाऱ्याच्या, खऱ्या उपयोगाचा झाला. नोव्हेंबर २००८ मध्ये 'कुबेर' ही मासेमारी नौका ताब्यात घेऊन अतिरेकी मुंबईवर चालून आले. त्यानंतर नौकेची ओळख आणि तिच्याशी संपर्क हा मच्छीमाराच्या सोयीपुरता विषय उरला नाही, तो सुरक्षेचा झाला. २०१७ च्या ओखी वादळाने खोल समुद्रातल्या नौकेपर्यंत निरोप पोहोचवणे किती अवघड आहे ते दाखवले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते नौका-संपर्क योजनेची सुरुवात झाली. किनारपट्टीच्या राज्यांतल्या एक लाख नौकांवर इस्रोच्या तंत्रज्ञानाचे ट्रान्सपाँडर, म्हणजे नौकेचा ठावठिकाणा किनाऱ्याला कळवणारे डबे, बसवायचे, असे तिचे उद्दिष्ट आहे.

पाव शतकात दिव्यांची नौका पडद्यांची झाली. विजेची जोडणी मात्र पुष्कळ ठिकाणी दिव्यांच्याच काळातली राहिली. जुन्या तारेवर जीपीएस, त्याच तारेला पीळ मारून फिशफाइंडर, त्यावर वायरलेस, त्यावर मोबाइलचा चार्जर. चाळीत एकाच पिनवर सात प्लग लावावेत, तसा हा प्रकार.

नौकेगणिक दुखणे वेगळे

उपायांच्या चर्चेत एक गोष्ट नेहमी निसटते. सगळ्या नौकांचा विजेचा दिनक्रम सारखा नसतो. ट्रॉलरचे मशीन जवळजवळ सतत चालू असते. त्यामुळे बॅटरी सहसा भरलेली राहते, पण रात्रंदिवसाच्या थरथरीने जोड सैल होतात. गिलनेटवाले जाळे टाकून मशीन बंद करतात आणि रात्रभर वाहत राहतात. दिवे, वायरलेस, जीपीएस चालू असतात आणि सगळे बॅटरीच्या जिवावर. यंत्रे आणि दिवे मिळून चार अँपिअर ओढत असतील तर दहा तासांत चाळीस अँपिअर-तास खर्च होतात. शंभरची बॅटरी पहाटे साठावर आलेली असते आणि तशात सेल्फ मारायचा असतो. डोल जाळे लावणाऱ्यांच्या फेऱ्या भरती-ओहोटीच्या तालावर आणि थोड्या वेळाच्या असतात. मशीन कमी चालले की बॅटरी कधीच पुरती भरत नाही.

मोठ्या नौकांवर चोवीस व्होल्टची व्यवस्था असते, म्हणजे बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. यंत्र बारा व्होल्टचे असेल तर त्यांतल्या एकाच बॅटरीवरून तार काढण्याचा सोपा मार्ग अनेक जण पत्करतात. मग ती बॅटरी कायम उपाशी राहते आणि अल्टरनेटर दोघींना एकत्र भरत असल्याने दुसरीला अजीर्ण होते. सहा महिन्यांत दोन्ही जातात, नाव कंपनीचे खराब होते. या एका बाबतीत मात्र दोन मते नाहीत. चोवीसवरून बारा काढायचे तर मध्ये कन्व्हर्टर हवा.

या सगळ्यावर पावसाळा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नौका ओढून, झाकून ठेवतात. यंत्रे बरेच जण घरी नेतात, बॅटरी मात्र नौकेवरच राहते. शिसे-आम्लाची बॅटरी नुसती पडून असली तरी दर महिन्याला थोडी उतरते, उकाड्यात जास्तच. उतरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात आणि ते पुन्हा पुरते विरघळत नाहीत. ऑगस्टमध्ये यंत्रे परत जोडताना घाईत उलटसुलट तारा लागतात, फ्यूज उडतो, आणि फ्यूजच्या जागी तांब्याची काडी किंवा सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद बसतो. नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ सागराला अर्पण होत असतो, तेव्हा केबिनमध्ये हा कागद बसलेला असतो.

मीटर काय सांगतो आणि काय लपवतो

आता मूळ प्रश्न. वायरमनच्या मीटरवर बारा व्होल्ट दिसतात, तरी वायरलेस बोलत का नाही?

पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या आसपास ती निम्मी झालेली असते, बाराच्या खाली गेली की जवळजवळ संपलेली. मशीन चालू असताना अल्टरनेटर तिला १३.८ ते १४.४ वर नेतो. सेल्फ मारताना क्षणभर दाब दहावर किंवा त्याहूनही खाली घसरू शकतो. यंत्रांच्या सहनशक्ती निरनिराळ्या असतात. अनेक जीपीएस आणि फिशफाइंडर १०.८ व्होल्टपर्यंत तग धरतात. व्हीएचएफ वायरलेस सहसा १३.८ व्होल्टसाठी घडवलेला असतो आणि १५ टक्के चढ-उतार चालवून घेतो, म्हणजे खालची हद्द साधारण ११.७. 'जीपीएस चालू आहे, म्हणजे बॅटरी बरी आहे' हा तर्क इथेच फसतो. पडदा उजळलेला असतो आणि वायरलेसचा गळा केव्हाच बसलेला असतो.

वायरलेस ऐकताना एक अँपिअरही घेत नाही. बोलायचे बटण दाबून २५ वॉटने प्रक्षेपण सुरू केले की तोच पाच-सहा अँपिअर ओढतो. समजा बॅटरी केबिनपासून आठ मीटरवर आहे. जायची आणि यायची मिळून तार सोळा मीटर. दुकानात जिला 'अडीच एमएम' म्हणतात त्या तांब्याच्या तारेचा एवढ्या लांबीचा विरोध ०.१२ ओहम भरतो. पाच अँपिअर वाहिले की ०.६ व्होल्ट तिथेच गळाले. वाटेतल्या फ्यूजच्या घरात हिरवे जंगाल साचून ०.२ ओहमचा अडथळा झाला असेल तर आणखी एक व्होल्ट गेला. बॅटरीवर १२.३ असतील तर वायरलेसला १०.७ मिळतात. बटण सोडले की प्रवाह कमी होतो आणि मीटर पुन्हा बाराच्या वर. मीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज घेत नाही, त्यामुळे तारेचे एकुलते एक केस जिवंत असले तरी तो पुरा दाब दाखवतो. नळ बंद असताना गच्चीवरच्या टाकीचा दाब पुराच असतो. पाइप गंजून बुजल्याचे नळ सोडल्यावर कळते.

म्हणून भार चालू ठेवून मोजावे, असे एक मत ठामपणे सांगते. मीटरची एक टोची बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, दुसरी वायरलेसच्या पॉझिटिव्हवर, आणि कमी गर्दीच्या चॅनेलवर क्षणभर बटण दाबायचे. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत हरवले. मग दुसरी टोची फ्यूजच्या अलीकडे, पलीकडे, स्विचवर, जोडावर अशी सरकवत जायचे. जिथे आकडा एकदम उडी घेतो, तिथे दुखणे. निगेटिव्हच्या बाजूनेही असेच करायचे. तिकडे सहसा कुणी पाहत नाही, आणि निम्मी वाट तर तीच असते. अमेरिकेतल्या नौकाबांधणीच्या एबीवायसी मानकांत महत्त्वाच्या यंत्रांसाठी ३ टक्क्यांपर्यंतची गळती मान्य आहे, इतरांसाठी १० टक्के. बारा व्होल्टला ३ टक्के म्हणजे ०.३६ व्होल्ट. वरच्या उदाहरणातली निरोगी तारदेखील या परीक्षेत नापास होते. तिच्या जागी सहा एमएमची घातली तर गळती पाव व्होल्टवर येते.

दुसरे मत व्यवहाराचे आहे आणि त्याला हसून चालणार नाही. हलत्या नौकेवर, ओल्या हातांनी, खलाशी बर्फ भरत असताना टोच्या सरकवत बसायला वेळ कुणाला आहे? एक फेरी चुकली तर डिझेल, बर्फ आणि मजुरी अंगावर येते. त्यापेक्षा दर दोन-तीन वर्षांनी पावसाळ्यात सगळी तार उपटून नवी घालावी, असे अनेक अनुभवी नाखवे म्हणतात. तार आतपर्यंत काळी पडली असेल तर तिची नाडी तपासण्यात अर्थ नाही, हेही खरेच. पण नव्या तारेची जाडी तीच, जोडांची पद्धत तीच आणि फ्यूजचे घर जुनेच राहिले, तर खर्च होतो आणि दुखणे पुढच्या दिवाळीपर्यंत लांबते एवढेच. माझा कल मोजण्याकडे आहे. मीटर बंदरावर, मशीन बंद असताना लावला जातो आणि बिघाड समुद्रात, सगळे चालू असताना होतो. या दोन क्षणांतले अंतर कमी केल्याशिवाय पुढचे सगळे वाद अंदाजावरच चालतात.

'अर्थिंग' नावाची गुंतागुंत

आपल्या बंदरांवर या विषयात सर्वांत जास्त गोंधळ घालणारा शब्द कोणता, असे विचारले तर मी 'अर्थिंग' म्हणेन. कुणी बॅटरीच्या निगेटिव्हला अर्थिंग म्हणतो. कुणी मशीनच्या लोखंडी अंगाला. कुणाच्या मनात घरातली हिरवी तार असते. पाण्याखालचा पंखा, शाफ्ट आणि झडपा तांब्याच्या पट्टीने एकमेकांना जोडण्यालाही हाच शब्द. चार वेगळी कामे आणि नाव एक.

याचे एक कारण उघड आहे. नौकेची वीज पाहणारे बरेच कारागीर टेम्पो-ट्रकच्या कामातून आलेले असतात. गाडीचा सांगाडाच निगेटिव्हचे काम करतो. दिव्याला एक तार नेली की झाले, परतीची वाट पत्र्यातून. लाकडी किंवा फायबरच्या नौकेला असा सांगाडा नसतो. प्रत्येक यंत्राला परतीची तार स्वतंत्र आणि तेवढीच जाड लागते. ती मशीनच्या एखाद्या गंजक्या बोल्टला बांधली की काम चालते, पण सेल्फचा शेकडो अँपिअरचा धक्काही त्याच बोल्टच्या आसपास फिरत असतो. फिशफाइंडरवरच्या पावसाचा उगम कित्येकदा तिथे सापडतो.

पाण्याखालचे धातू एकत्र बांधावेत की नाही, हा वाद अधिक खोल आहे आणि अजून मिटलेला नाही. बांधा म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे की, सगळे धातू एका पातळीवर आले की जस्ताच्या वड्या सर्वांसाठी झिजतात आणि बाकीचे वाचतात. विरोधकांचा आधार लाकूड आहे. जस्ताचे संरक्षण गरजेपेक्षा जास्त झाले की धातूच्या कडेला अल्कली तयार होते आणि ती भोवतालच्या लाकडाचा भुगा करते. लाकडी नौकांची दुरुस्ती करणाऱ्यांनी बोल्टभोवती मऊ पडलेल्या फळ्या पाहिलेल्या असतात. आपल्याकडे लाकडी नौकेवर बाहेरून फायबरचा थर चढवलेल्या नौकाही पुष्कळ. त्यांना कोणता नियम लावायचा, याला सर्वमान्य उत्तर नाही.

एका गोष्टीवर दोन्ही बाजू सहमत आहेत. बॅटरीचा करंट तळातल्या पाण्यात गळत असेल तर कोणताही बंदोबस्त तोकडा पडतो. एखादा उघडा पॉझिटिव्ह जोड तळात साचलेल्या खाऱ्या पाण्यात बुडला की पंखा-शाफ्ट इतक्या झपाट्याने खाल्ले जातात की नेहमीचा गंज त्यापुढे संथ वाटावा. तपासणी सोपी आहे. सगळे स्विच बंद करायचे, बॅटरीची पॉझिटिव्ह तार सोडवायची आणि मधल्या फटीत मिलिअँपिअरवर ठेवलेला मीटर जोडायचा. काटा हलला तर कुठेतरी वाट फुटली आहे. घड्याळ किंवा स्मृती जपणारे एखादे यंत्र थोडेसे घेते, तेवढे वजा करावे.

कल्हईची तार आणि डाग की दाब

कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या घरांत कुणाला शिकवावे लागले नाही. नौकेवरची तांब्याची तार खाऱ्या हवेत अशीच कळकते. टोकाला हिरवे जंगाल धरते आणि वेष्टनाच्या आत, केसाकेसामधून ओल चढत जाते. तार बाहेरून कोरी दिसते आणि सोलली की आतून काळी निघते. नौकेसाठीच्या खास तारेचे प्रत्येक केस कथलाने मढवलेले असते. म्हणजे ती कल्हई केलेली तार. तिच्या गुणाबद्दल वाद नाही, वाद भावाचा आणि उपलब्धतेचा आहे. छोट्या बंदरातल्या दुकानात घरगुती वायरिंगची तार हाताशी असते, कल्हईची मागवावी लागते. साधी पण जाड तार घेऊन टोके नीट बंद केली तर निम्म्या खर्चात बरीच वर्षे निघतात, असे एक मत आहे. टोके नीट बंद केली तर, यातला 'तर' फार मोठा आहे असे दुसरे मत.

टोके बंद कशी करायची यावरही मतभेद. जुने कारागीर कथलाचा डाग देतात आणि डागलेला जोड हवाबंद होतो असे सांगतात. एबीवायसीच्या मानकांनुसार जोडाची पकड निव्वळ डागावर अवलंबून असू नये. डाग केसांमधून आत ओढला जातो, तार तिथे ताठ होते आणि थरथरीने नेमकी त्या ताठपणाच्या सीमेवर मोडते. फार तापली तर डाग वितळूनही जातो. पर्याय म्हणजे लग्ज, म्हणजे तारेच्या टोकाच्या धातूच्या टोप्या, योग्य पकडीने दाबून बसवायच्या आणि वर आतून गोंद असलेली, उष्णतेने आक्रसणारी नळी चढवायची. पण साध्या पक्कडीने चेपलेली लग डागापेक्षाही वाईट. तिच्या फटीत खारे पाणी बसते. त्यामुळे चांगली दाबणारी पक्कड नसेल तिथे डागच बरा, ही स्थानिक कारागिरांची बाजू मला पटते. पीळ मारून वर चिकटपट्टी गुंडाळणे हे मात्र कुठल्याच पंथात बसत नाही, आणि नेमके तेच सर्वांत जास्त दिसते.

एक बॅटरी, दोन बॅटऱ्या, की लिथियम

सेल्फ मारल्यावर जीपीएस बंद पडण्याचे कारण आता उघड आहे. एकच बॅटरी आणि एकाच वेळी तिच्यावर दोन ओझी. यंत्रांसाठी वेगळी बॅटरी ठेवावी हा सर्वांत जुना उपाय. त्या दोघींना भरायचे कसे, तिथे मते फुटतात. हाताने फिरवायचा बॅटरी-स्विच स्वस्त आणि समजायला सोपा आहे. मात्र मशीन चालू असताना तो चुकून 'बंद'वरून गेला तर अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात, आणि 'दोन्ही'वर विसरला तर पहाटे दोन्ही बॅटऱ्या सारख्याच रिकाम्या. दाब पाहून आपोआप जोडणारा-तोडणारा रिले हा विसराळूपणा झाकतो, पण तो गेल्याचे लवकर कळत नाही. मधे डायोड घालण्याची जुनी पद्धत जवळपास मागे पडली. साधा डायोड स्वतःच अर्धा-पाऊण व्होल्ट खातो आणि बॅटरी कधी पुरती भरत नाही.

कन्व्हर्टरचे समर्थक वेगळीच वाट दाखवतात. आत नऊ-दहा व्होल्ट आले तरी बाहेर स्थिर १३.८ देणारा डबा यंत्रांच्या आधी लावा, म्हणजे दुसरी बॅटरी नको. सेल्फच्या धक्क्याला हा उपाय लागू पडतो. त्याची किंमत मात्र तीन ठिकाणी मोजावी लागते. बिघडायला आणखी एक जागा होते. डबा स्वतः विद्युत गोंगाट करतो. शिवाय बॅटरी उतरू लागली की तो तेवढीच ताकद देण्यासाठी अधिक करंट ओढतो. पडदा शेवटपर्यंत ठणठणीत दिसतो, आणि मग सगळे एकदम अंधारात.

लिथियमबद्दल बंदरावर कुतूहल बरेच आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या चार सेलची बॅटरी १२.८ व्होल्टची, वजनाने शिशाच्या निम्म्याहून हलकी, आणि तिच्या क्षमतेतला ८०-९० टक्के भाग वापरता येतो. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार नेली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. रात्रभर वाहत राहणाऱ्या गिलनेटरला हा फरक मोठा. पण ही बॅटरी करंट इतका मोकळेपणाने ओढते की साधा अल्टरनेटर तापून जळू शकतो. तिच्या आतले रक्षक-सर्किट धोका दिसताच पुरवठा तोडते, आणि भरणे चालू असताना तसे झाले तर दाबाची उसळी थेट यंत्रांवर येते. तिचा दाब अखेरपर्यंत जवळजवळ सपाट राहतो. १२.६ आणि १२.२ पाहून अंदाज बांधायची तांडेलाची सवय तिच्यापुढे निरुपयोगी ठरते. परदेशात या बॅटऱ्यांसाठी स्वतंत्र मानके अलीकडेच झाली, आयएसओचे २०२१ मध्ये आणि एबीवायसीचे २०२२ मध्ये. ती आखली गेली ती मुख्यतः सैरसपाट्याच्या नौकांचा विचार करून. मासळीच्या पाण्याने रोज धुतल्या जाणाऱ्या, उन्हात तापणाऱ्या कामाच्या नौकेवर ही बॅटरी किती वर्षे टिकते, हे आपल्या किनाऱ्यावर अजून सिद्ध व्हायचे आहे.

गोंगाट

फिशफाइंडरवरचा पाऊस हे दुखणे व्होल्ट कमी पडण्याचे नसते, व्होल्ट मळके असण्याचे असते. निदानाची रीत मात्र सुंदर आहे. नौकेच्या जोडणीशी काहीच संबंध नसलेली एक सुटी बॅटरी घ्यायची आणि फिशफाइंडर फक्त तिच्यावर चालवायचा. पाऊस थांबला तर मळ विजेच्या तारेतून येत होता. थांबला नाही तर मशीन न्यूट्रलवर ठेवून बघायचे. तेव्हा थांबला तर दोष पंख्याने उडवलेल्या बुडबुड्यांचा आहे, विजेचा नव्हे. तरीही राहिला तर तळाकडे जाणारी केबल अल्टरनेटरच्या तारेला बिलगून गेली आहे का, ते पाहायचे. कित्येकदा ती वीतभर बाजूला सरकवणे एवढाच उपचार असतो. फेराइटचे मणी आणि फिल्टर नंतर.

नवा उपद्रव एलईडीचा. एलईडीच्या झोतात मासळी गोळा करण्याला केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली, तो वाद निराळा. इथे प्रश्न केबिनमधल्या आणि डोलकाठीवरच्या साध्या दिव्यांचा आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाने सूचना काढून कळवले की, काही एलईडी दिव्यांच्या आतल्या सर्किटमुळे व्हीएचएफ वायरलेस आणि नौकांची ओळख सांगणारी एआयएस यंत्रे बहिरी होतात. परीक्षा नौकेवर बसल्या बसल्या करता येते. दिवे बंद करून वायरलेस शांत चॅनेलवर ठेवायचा, स्क्वेल्च खरखर नुकती थांबेल इतकाच फिरवायचा आणि दिवे लावायचे. खरखर परत आली तर दिवा दोषी. विजेची बचत की वायरलेसचा कान, असा पेच इथे उभा राहतो. चांगल्या बनावटीचे दिवे तो सोडवतात, पण खोक्यावरून चांगला-वाईट ओळखायची खात्रीची खूण बाजारात नाही.

अनिर्णित

तांत्रिक वाद बाजूला ठेवले तरी एक प्रश्न उरतो. हे काम कुणाचे? कोचीच्या सिफनेटसारख्या संस्थेतून नौकेवरचे अधिकारी आणि इंजिनीअर घडतात, पण छोट्या नौकेपर्यंत त्यांतले फार थोडे येतात. यंत्र विकणारा यंत्रापुरता, बॅटरीवाला बॅटरीपुरता, नौका बांधणारा फळीपुरता. मधली तार कुणाच्याच हमीत बसत नाही. एका बाजूला म्हणणे असे की, मत्स्य विभागाने नौकेच्या तपासणीत विजेच्या जोडणीची चाचणीही धरावी. दुसरी बाजू म्हणते, आधीच कागदपत्रांनी वाकलेल्या नाखव्यावर आणखी एक दाखला लादू नका, त्यापेक्षा बंदरागणिक दोन-चार तरुणांना मीटर धरायला शिकवा. दोन्हींत तथ्य आहे, आणि दोन्हींना पैसा लागतो.

ट्रान्सपाँडरने हा प्रश्न आणखी टोकदार केला आहे. जीपीएस बंद पडला तर तांडेलाला लगेच कळते, कारण तो रोज त्याच्याकडे पाहतो. माग ठेवणारा डबा किनाऱ्यासाठी बोलत असतो. त्याने चोवीस तास अर्धा अँपिअर जरी घेतला तरी दिवसाला बारा अँपिअर-तास होतात, आणि ते नाखव्याच्याच बॅटरीतून जाणार. डबा सरकारी, बॅटरी खासगी, मधला फ्यूज कुणाचा हे ठरलेले नाही. खोल समुद्रात रात्री एखाद्या नौकेचा ठिपका किनाऱ्यावरच्या पडद्यावरून नाहीसा झाला, तर ती बुडाली, की तांडेलाने बॅटरी वाचवण्यासाठी डबा मुद्दाम बंद केला, की फ्यूजच्या घरात हिरवे साचले, हे पडद्यासमोर बसलेल्या माणसाला आज सांगता येत नाही.